चूक कुणाला परवडते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला श्रीमंती आणि सवयी यांवरचा लेख वाचला. माणूस श्रीमंत होतो तो बचत, संयम आणि वेळेवर घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि गरीब राहतो तो हे न जमल्यामुळे, असं लेखकाचं म्हणणं. त्यावर मंगळवारी एका वाचकाचं पत्र आलं, त्यांनी सगळं खापर नशिबावर फोडलं. एकाच्या मते सगळं हातात, दुसऱ्याच्या मते सगळं कपाळावर. मी तीसहून अधिक वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. माणसं वर कशी येतात आणि बुडतात कशी, हे टेबलाच्या अलीकडे बसून पाहिलं आहे. या दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहूनच गेली असं वाटलं, म्हणून हे पत्र.

आधी स्वतःचं सांगतो. चोविसाव्या वर्षी हातातली नोकरी सोडून मी एका मित्राबरोबर स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा काढला. एक जुनं टेबल, चार फ्रेमा, शाईचे डबे आणि भाड्याची खोली. व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं छापायचो. भागीदारीच्या करारावर दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या होत्या. चूकही दोघांनी मिळूनच केली. ओळखीपाळखीवर उधारीत माल देत गेलो, एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले आणि दीड वर्षात खोलीला कुलूप लागलं. टेबल भंगारात गेलं. नखांतली शाई मात्र बरेच दिवस गेली नाही.

मी घरी परतलो. वडिलांची नोकरी चालू होती, घर स्वतःचं होतं. ‘आता पुढे काय’ असं आईने एकदाही विचारलं नाही. आठ महिने मी एक पैसा न कमावता बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला. पहिल्या खेपेला आपटलो, दुसऱ्या खेपेला लागलो. मुलाखतीत मधल्या रिकाम्या काळाबद्दल विचारलं, तेव्हा म्हणालो, “धंदा करून पाहिला.” समोरचे साहेब हसले. “म्हणजे अनुभव आला म्हणायचा!” माझ्या चुकीचं तिथल्या तिथे बारसं झालं. तिचं नाव पडलं अनुभव.

मित्राकडे ते आठ महिने नव्हते. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण शिकत होती, आणि आपल्या वाट्याची देणी फेडायला त्याने सावकाराकडून पैसे उचलले होते. कुलूप लावल्यापासून पाचव्या दिवशी तो एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागला. परीक्षेचा फॉर्म त्यानेही भरला होता. परीक्षेच्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी सरस. बिलाची बेरीज मी कागदावर करायचो, तो तोंडी सांगून मोकळा व्हायचा.

आता लेखकमहाशयांनी सांगावं, आमच्यात चांगली निवड कुणाची आणि वाईट कुणाची? नोकरी सोडायचा निर्णय दोघांचा, धंदा एक, चूक एक. फरक एवढाच की माझी चूक कुणीतरी आधीच भरून ठेवली होती. माझ्या मते नशिबाचं खरं काम हे आहे. ते थेट श्रीमंती वाटत फिरत नाही. कुणाला किती वेळा चुकता येईल, ते ठरवून टाकतं.

बँकेत बसल्यावर हाच हिशेब मोठ्या आकड्यांत दिसायला लागला. मर्यादित दायित्वाची कंपनी बुडाली तर भागधारकाच्या घरावर टाच येत नाही, गुंतवलेलं तेवढं जातं. ही सोय कायद्याने मुद्दाम केलेली आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठीचा कायदा १८५५ साली झाला. त्याच इंग्लंडमध्ये साध्या कर्जदाराला कर्ज थकलं म्हणून तुरुंगात टाकण्याची प्रथा बव्हंशी बंद झाली ती १८६९च्या कायद्याने. गुंतवणूकदाराची चूक पोटात घालायला हवी हे सुचलं आधी, कर्जबाजारी माणूस आठवला चौदा वर्षांनी. आणि यात वाईट काही नव्हतं, धंदा करायचा तर माणसाला पडायची मुभा हवीच. पण ती मुभा कुणाला आधी मिळते, ते पाहण्यासारखं आहे.

लेखात मार्शमॅलोच्या प्रयोगाचा दाखला आहे. समोरची गोड गोळी लगेच न खाता थांबलं तर दुसरी मिळेल असं लहान मुलांना सांगायचं, आणि जी थांबतात ती पुढे आयुष्यात यशस्वी होतात म्हणे. हा प्रयोग प्रत्येक प्रेरक भाषणात असतोच. २०१८ साली अमेरिकेत नऊशेहून अधिक मुलांवर तो पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर संयम आणि पुढचं यश यांतला संबंध कितीतरी क्षीण झाला. त्याआधी २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटासा पण मार्मिक प्रयोग केला होता. काही मुलांना आधी चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देतो म्हणून सांगितलं आणि खरंच आणून दिलं. बाकीच्यांना तसंच सांगितलं आणि मग हात हलवत परत येऊन ‘नाही मिळालं’ म्हटलं. त्यानंतर गोळी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं.

माझ्या टेबलासमोर असे तीन मिनिटंवाले खूप येऊन बसले. मुदत ठेव का नाही ठेवत, असं मी त्यांना शहाजोगपणे विचारायचो. एकाने एकदा उलट विचारलं, “साहेब, पुढच्या वर्षी ती माझ्याकडे राहील हे कोण सांगतं?” दुखणं येतं, काम सुटतं, भाऊबंद मागायला येतो. शिल्लक टिकतच नाही असा ज्याचा आजवरचा अनुभव, त्याने आलेला पैसा लगेच खर्च केला तर त्याला उधळ्या म्हणायला माझी जीभ अडखळते.

बांगलादेशातलं एक काम या वादात मला फार मोलाचं वाटतं. तिथल्या ब्रॅक या संस्थेने २००७ पासून अतिशय गरीब बायकांना एखादी मोठी मत्ता, बहुतेकींना गाय, आणि ती सांभाळायचं शिक्षण दिलं. अर्थशास्त्रज्ञांनी ही कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली. ज्यांच्याकडे आधीपासून थोडंफार काही होतं, त्या गाईच्या आधाराने एक उंबरठा ओलांडून गेल्या आणि वर चढत राहिल्या. ज्यांच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं, त्या गाय मिळूनही उंबरठ्याच्या अलीकडेच राहिल्या आणि हळूहळू पुन्हा मागे घसरल्या. गाय तीच, शिक्षण तेच. गाईला गोठा लागतो, वैरण लागते, दूध वाहून न्यायला साधन लागतं. नुसती गाय दावणीला आली म्हणून पाय रोवता येत नाहीत. कर्जमंजुरीच्या माझ्या काळात हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. थोडक्या रकमेचं कर्ज देऊन ‘आता याने वर यायला हवं’ अशी अपेक्षा मी कितीदा तरी फायलीवर लिहिली आहे.

मंगळवारच्या पत्रलेखकांनाही मी सोडणार नाही. त्यांच्या बाजूने पुरावा भरपूर आहे, हे कबूल. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने २०१८च्या अहवालात मांडलेला हिशेब असा, की तळातल्या कुटुंबाला सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला सदस्य देशांत चार ते पाच पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये दोन, कोलंबियात अकरा. जगभरातल्या उत्पन्नांतल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग माणूस कोणत्या देशात राहतो एवढ्यावरून उलगडतो, आणि बहुतेक माणसं जन्मलेल्या देशातच आयुष्य काढतात. मंदीच्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची कमाई पुढची कित्येक वर्षं मागे राहते, हेही कॅनडातल्या अभ्यासात दिसलं आहे. जन्मसालावर कुणाची निवड चालते?

पण मग सगळं सोडतीवर सोपवून खाटेवर पडून राहायचं का? अमेरिकेत जॉर्जिया राज्यात १८३२ साली खरोखरच सोडत काढून जमिनी वाटल्या. ज्यांची ती जमीन, त्या चेरोकी या मूळ रहिवासी लोकांचं नाव सोडतीत असणारच नव्हतं. तो निराळा अन्याय. पण सोडत जिंकलेल्या गोऱ्यांच्या पुढच्या पिढ्या तपासल्या, तेव्हा त्यांची मुलं न जिंकलेल्यांच्या मुलांहून जास्त शिकलेली किंवा जास्त श्रीमंत निघाली नाहीत. एकदाच पदरात पडलेलं घबाड पिढीच्या पुढे गेलं नाही. ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ म्हणतात तसे खातेदार मीही पाहिले. जमीन विकल्याचा धनादेश जमा झाला की शाखेत पेढे, आणि तीन वर्षांत खात्यात किमान शिल्लकही नाही. उलट, इतक्या ओढगस्तीतही एखादी बाई दर महिन्याच्या पाच तारखेला आवर्ती ठेवीचा हप्ता भरायला येते ती येतेच. तिच्या निवडीला नशीब म्हणणं हा तिचा अपमान आहे. मात्र ती एकदा चुकली तर तिचं काय होईल, हे माझ्या बाबतीत झालं त्याहून फार वेगळं असेल.

माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला त्या मित्राला बोलावलं होतं. तोही आता गोदामातून निवृत्त झाला आहे, शेवटी मुख्य कारकून होता. भाषणात मी जिद्द, चिकाटी, अपयशातून उभं राहणं वगैरे बोललो. आमच्या बुडालेल्या धंद्याचाही उल्लेख केला, लोक हसले. आईवडिलांचे आभार मानले, पण त्या आठ महिन्यांबद्दल एक शब्द काढला नाही. आठवलेच नाहीत. मित्र तिसऱ्या रांगेत बसला होता आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, “तू अभ्यास केलास रे. मीच कमी पडलो.”

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी