धर्माचा तास चालू ठेवा, पण आधी आम्हाला विचारा

मा. संपादक,

गेले काही दिवस तुमच्या पेपरात मिशनच्या शाळांमधल्या प्रार्थनेवरून पत्रं छापून येतायत ती वाचतेय, आणि खरं सांगू का, दोन्हीकडची वाचून डोकं उठलं. एक म्हणतो धर्मांतराचा कारखाना, दुसरा म्हणतो एवढंच आहे तर मुलं काढून घ्या शाळेतून. यातल्या किती जणांची मुलं आज प्रायमरीत आहेत देव जाणे. माझी आहे, तिसरीत, आपल्या शहरातल्याच एका ख्रिश्चन शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही कारण प्रश्न त्या एकट्या शाळेचा नाहीच, आणि लेकीला अजून तिथं बरीच वर्षं काढायची आहेत.

आमच्याकडे वाद सुरू झाला तो जेवणाच्या ताटावरून. पोरगी वरण-भात पुढ्यात आला की डोळे मिटते, हात जोडते, इंग्लिशमध्ये दोन ओळी पुटपुटते आणि मग घास घेते. नवऱ्याचं टाळकंच सरकलं, म्हणे उद्याच शाळेत जाऊन विचारतो हे काय लावलंय. तर आमच्या सासूबाई, ज्या दर गुरुवारी गजानन महाराजांची पोथी वाचतात, त्या म्हणाल्या, "काऊन रे बाप्पा, पोरगी जेवाच्या आंधी हात तं जोडून राह्यली ना, तू कधी जोडले?" विषय तिथंच संपला. नवरा तरी गप्प झाला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही, कारण माझी तक्रार प्रार्थनेची नाहीच, मला कुणी विचारलं नाही ही आहे.

शाळेत होतं काय ते सांगते. आठवड्यातून दोनदा एक तास असतो. बेल झाली की कॅथलिक मुलं वह्या घेऊन उठतात आणि सिस्टरबरोबर दुसऱ्या वर्गात जातात, कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला. बाकीची मुलं जागेवरच, त्यांना मॉरल सायन्स, म्हणजे मूल्यशिक्षण. आठ वर्षांची मुलं हो ही! रोज एका बेंचवर बसणाऱ्या दोघींपैकी एक उठून जाते आणि दुसरी बघत बसते. माझी लेक घरी येऊन म्हणाली, मला पण तिकडं जायचंय, तिकडं गोष्टी सांगतात आणि रंगवायला चित्रं देतात, आमच्याकडे नुसती प्रश्नोत्तरं. मी काय सांगणार तिला?

मग मी तिचं मॉरल सायन्सचं पुस्तक काढून बसले. धडे म्हणजे खरे बोलावे, मोठ्यांचे ऐकावे, डबा वाटून खावा, आणि प्रत्येक धड्याखाली रिकाम्या जागा भरा. एका धड्यात गोष्ट होती, एक माणूस रस्त्यात जखमी पडलेला, दोन जण बघून निघून गेले, तिसरा दयाळू प्रवासी थांबला आणि त्यानं मदत केली, तात्पर्य आपण दयाळू असावे. टीचरनी खाली लाल पेनानं गुड दिलेलं. मला ती गोष्ट कुठंतरी ऐकल्यासारखी वाटत होती म्हणून मी लेकीच्या मैत्रिणीच्या आईला विचारलं. त्या मराठी ख्रिश्चन, चार पिढ्या नागपुरात, गेटवर रोज भेटतो. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या अहो ही तर आमची चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, बायबलमधली, पण यात शोमरोनीच नाही!

त्यांनी गोष्ट पूर्ण सांगितली, तिथंच स्कूलव्हॅनच्या गर्दीत उभं राहून. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला असतो. पहिला येतो तो याजक, म्हणजे देवळातला पुजारी, तो दुसऱ्या बाजूनं निघून जातो. दुसरा लेवी, तोही देवळाच्या सेवेतला, तोही जातो. आणि थांबतो कोण तर शोमरोनी, ज्या लोकांशी यहुदी संबंधसुद्धा ठेवत नसत. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, मालकाला पैसे देतो आणि वर सांगतो की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. आणि येशू ही गोष्ट सांगतो कुणाला, तर 'माझा शेजारी कोण' असं विचारणाऱ्या एका शास्त्र जाणणाऱ्या माणसाला.

आता सांगा, पुस्तकात यातलं काय उरलं? पुजारी गेला, लेवी गेला, ज्याला कुणी जवळ करत नव्हतं तो माणूस गेला, उरला एक दयाळू प्रवासी. गोष्टीतलं तिखट-मीठ सगळं काढून मुलांना पांचट वरण वाढलं. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथल्या मुलांना तर ही गोष्ट अख्खी सांगायला पाहिजे, त्यांना ती आपल्यापेक्षा लवकर कळेल. पण शाळेला भीती की बायबलचं नाव घेतलं तर पालक ओरडतील, म्हणून नाव काढलं, आणि नावाबरोबर अर्थ पण काढला. दुसरीकडे जेवणाची प्रार्थना आणि सकाळच्या परिपाठातली प्रार्थना मात्र सगळ्यांकडून, न विचारता. म्हणजे जे मोकळेपणानं सांगायचं ते लपवून सांगतात आणि जे विचारून करायचं ते न विचारता करतात. सगळा उलटा कारभार.

पीटीएमला, म्हणजे पालकसभेला, मी हे बोलले. शांतपणे बोलले, कुणाशी भांडायला गेले नव्हते. उत्तर मिळालं की आमची अल्पसंख्याक संस्था आहे, घटनेच्या कलम ३० नं आम्हाला आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, आणि आम्ही सरकारी अनुदान पण घेत नाही. हक्क आहेच, शंभर टक्के आहे. पण कलम ३० च्या दोन पानं आधी कलम २८ आहे, त्यात तिसरा भाग वाचा. सरकारनं मान्यता दिलेल्या किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही शाळेत, तिथं दिल्या जाणाऱ्या धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कुणालाही सक्तीनं बसवता येत नाही, त्यानं स्वतः संमती दिल्याशिवाय, आणि अल्पवयीन असेल तर पालकांनी दिल्याशिवाय. 'मान्यता किंवा मदत' असं आहे ते, त्यामुळे अनुदान घेत नाही हे उत्तर इथं चालत नाही, शाळेला मान्यता आहे ना, मग झालं. ॲडमिशन फॉर्मवर सही केली म्हणजे सगळ्यालाच हो म्हटलं असंही एक उत्तर मिळालं. मला नाही पटत. त्या फॉर्मवर युनिफॉर्म, बस आणि फीचे नियम होते, प्रार्थनेचा एक शब्द नव्हता.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांना बरीच उत्तरं द्यावी लागली होती. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण अजिबात नको, कारण कर सगळ्या धर्मांचे लोक भरतात, आणि बाकीच्या शाळांत असलं तरी सक्ती नको, अशी ती विभागणी. किती साधी गोष्ट आहे. आमच्यासारख्या शाळांना बंदी सांगितलेली नाही, विचारा एवढंच सांगितलंय.

आणि नुसतं माहिती म्हणून शिकवायचं असेल तर त्यालाही वाट आहे. २००२ साली अरुणा रॉय यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं धर्मांविषयी शिकवणं आणि धर्माचं शिक्षण देणं यात फरक आहे हे मान्य केलं. शोमरोन्याची गोष्ट बायबलचं नाव घेऊन वर्गात सांगणं हे पहिल्यात बसतं, डोळे मिटून आमेन म्हणायला लावणं दुसऱ्यात. त्याच्याही आधी १९८६ चा केरळमधल्या तीन भावंडांचा निकाल आहे. यहोवाचे साक्षीदार पंथातली मुलं, राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण धर्माच्या कारणानं गायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला हा नियम असेल तर शाळेच्या प्रार्थनेला एखादं मूल नुसतं शांत उभं राहिलं तर काय बिघडतं?

आता धर्मांतराचा कारखाना म्हणणाऱ्या मंडळींशी पण दोन शब्द बोलायचेत, नाहीतर तुम्ही हे पत्र त्यांच्या खात्यात जमा कराल. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काय फॉरवर्ड फिरून राहिलंय ते वाचवत नाही. हेच पालक ॲडमिशनच्या वेळी ओळखी लावत होते. नाताळच्या नाटकात पोराला मेंढपाळ केला तर महिनाभर डीपी तोच होता. माझी लेक मेंढी होती, इतवारीतून कापूस आणून आम्ही रात्रभर चिकटवला, तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही. आणि धर्मांतराचं म्हणाल तर, जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. नागपूरला तर या शाळा भोसल्यांच्या काळापासूनच्या, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथं आले १८४५ मध्ये, आणि त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. त्या काळी मिशनच्या शाळेत बायबलचा तास असायचा आणि तो उघड असायचा, लोक माहीत असून मुलं पाठवायचे. शिवाय सगळ्या ख्रिश्चन शाळा एकच असल्यासारखं लिहिणाऱ्यांना हेही माहीत नसतं की कॅथलिक वेगळे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या शाळा वेगळ्या. ते सीएनआय तर आपल्या नागपुरातच स्थापन झालं, २९ नोव्हेंबर १९७० ला, सहा चर्च एकत्र येऊन. एकाचा राग दुसऱ्यावर काढण्यात काय अर्थ.

आणि हो, कलम २८ फक्त मिशनच्या शाळांना लागू नाही. मी झेडपीच्या शाळेत शिकले, तिथं सरस्वतीच्या फोटोला हार घालून हात जोडायचो, वर्गातली मुस्लिम मुलगी पण जोडायची, तिच्या अब्बांना कुणी विचारलं होतं? ग्रुपवर हे लिहिलं तर दोन जण ग्रुप सोडून गेले.

मैत्रिणीच्या आईचं म्हणणं मात्र मला महत्त्वाचं वाटतं. मी त्यांना म्हटलं, कॅटेकिझम रविवारी चर्चमध्ये घ्या ना, शाळेत काऊन पाहिजे. त्या म्हणाल्या रविवारी असतोच, पण तिसरी-चौथीच्या आसपास आमच्या मुलांचं पहिलं होली कम्युनियन असतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचा विधी, त्याची तयारी असते, आणि आमच्या लोकांनी शाळा काढल्या त्यात आमच्या मुलांना आमचा धर्म शिकवता यावा हेही होतं ना, आता तेच बंद करायचं? मला यावर उत्तर सुचलं नाही, आणि सुचायला हवं असंही वाटत नाही. बरोबर आहे त्यांचं. तो तास बंद होऊ नये. फक्त तो मधल्या सुट्टीआधी वर्ग फोडून घेण्यापेक्षा शेवटचा ठेवला तर बाकीची मुलं खेळाला किंवा लायब्ररीत जातील, कुणी उठून गेलं आणि कुणी मागे राहिलं असं दिसणार नाही.

कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेनं २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना काढल्यात, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिश्चन परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचून घ्या. म्हणजे वरून सांगून झालंय. आमच्या शाळेत उद्देशिका सुरू झाली, मुलांना पाठ पण झाली, बाकी जसं होतं तसं आहे.

माझी मागणी एका पानाची आहे. दरवर्षी शाळा सुरू होताना पालकांना एक फॉर्म द्या, मराठीत आणि इंग्लिशमध्ये. त्यात तीन-चार ओळी, परिपाठातली प्रार्थना म्हणेल की शांत उभं राहील, जेवणाची प्रार्थना, बायबलमधल्या गोष्टी, नाताळचा कार्यक्रम, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. कॅटेकिझमला बसवायचं असेल तर ख्रिश्चन पालकांची पण सही घ्या, आडनाव बघून मूल उठवू नका. फॉर्मवर 'नाही' लिहिलं म्हणून टीचरनी मुलाला वर्गात सगळ्यांसमोर विचारायचं नाही. आणि यातल्या कशालाही मार्क किंवा ग्रेड नाही, मॉरल सायन्सला तर मुळीच नाही, दयाळूपणाला बी प्लस मिळालेलं मी रिपोर्ट कार्डवर बघितलंय.

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो, तोवर एक पान छापणं काही अवघड नाही. मी आमच्या प्रिन्सिपल सिस्टरना हे लेखी दिलंय, पोच घेतलीय, उत्तर अजून आलेलं नाही. फॉर्म आलाच तर माझ्या लेकीच्या नावापुढे गोष्टींना हो, नाटकाला हो, आणि जेवणाच्या प्रार्थनेचं सासूबाईंना विचारून लिहीन.

आपली,
तिसरीतल्या मुलीची आई,
नागपूर