मैदानाचे फाटक पहाटे पाचला उघडावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मिलिंद सोमण यांच्यावरचा मजकूर वाचला. त्यांचे वय, शरीर, लग्न यांना दोन रकाने मिळाले आणि त्यांनी सुरू केलेल्या ‘पिंकेथॉन’ या बायकांच्या धावण्याच्या उपक्रमाला जेमतेम एक ओळ. वाईट वाटले, म्हणून लिहिते आहे.

1995 साली अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’च्या व्हिडिओत खोक्यातून बाहेर येणारा हा मॉडेल पाहिला तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. पुढे ते टीव्ही मालिकेत ‘कॅप्टन व्योम’ झाले, चित्रपटांत दिसले. दादरला वाढलेला हा मुलगा मुळात राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, हे मला फार उशिरा कळले. 2015 मध्ये, पन्नाशीला टेकताना, त्यांनी झुरिकची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली. एका दिवसात 3.8 किमी पोहणे, 180 किमी सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन! त्यांच्या आई उषाताई तर सत्तरी ओलांडल्यावर साडीत, अनवाणी त्यांच्यासोबत रस्त्यावर धावल्या.

पण माझ्या लेखी मोठे काम 2012 चे. त्या वर्षी मुंबईत फक्त बायकांसाठी पिंकेथॉन सुरू झाली. धावायचे आणि स्तनाच्या कर्करोगाबद्दल उघड बोलायचे. भारतीय स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. मी 3 किमीसाठी नाव दिले तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, ‘सकाळचा डबा कोण करणार?’ सरावानंतर एका बाईंनी स्वतःची तपासणी स्वतः कशी करायची ते समजावले. ‘स्तन’ हा शब्द मी चारचौघांत तोवर उच्चारलाही नव्हता. आमच्यातल्या एकीला त्याच महिन्यात गाठ लागली. वेळेवर शस्त्रक्रिया झाली. आज ती माझ्या पुढे धावते.

असे गट टिकायचे तर जागा हवी. आमच्या भागातल्या मैदानाचे फाटक साडेसहाला उघडते. तोवर आम्ही अंधारात, डंपरच्या रस्त्याकडेने धावतो. साडेसहानंतर बहुतेकींना डबे, पाणी, लोकल. स्वच्छतागृहाला कायम कुलूप. तीन अर्ज दिले, पोचसुद्धा मिळाली नाही.

फाटक पाचला उघडावे, दिवे लावावेत, स्वच्छतागृह खुले ठेवावे, एवढेच मागणे आहे. आम्ही रोज पावणेपाचला तिथे असतो. आपला वार्ताहर एकदा पाठवावा.

– एक वाचक, डोंबिवली