शापोरा नदीच्या काठावर माझी टाच सोडवणाऱ्या काकांस

डिचोली, गोवा

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मार्चमधल्या एका सकाळी शिवोलीच्या धक्क्यावर आपण आपला अर्धा तास माझ्यासाठी खर्च केलात. ओहोटी लागण्यापूर्वी होडी परत न्यायची आपल्याला घाई होती, त्यामुळे आपले नाव विचारायचे राहिले आणि नीट आभार मानायचेही राहिले. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. ते आपल्यापर्यंत पोहोचावे ही इच्छा आहेच, आणि वॉटर स्कीच्या, म्हणजे होडीमागची दोरी धरून पाण्यावर घसरायच्या फळीच्या, घट्ट बाइंडिंगशी (फळीवरच्या रबरी बुटाशी) झगडणाऱ्या आणखी कुणाच्या हाती ते पडले, तरी आपली मदत वाया जाणार नाही.

आपल्याला आठवत असेल, मी पायरीवर बसून वॉटर स्कीच्या रबरी बुटात पाय कोंबत होते आणि शेजारी खोबरेल तेलाची बाटली होती. त्याच्या आदल्या महिन्यात, दुसऱ्या एका ठिकाणी शिकत असताना, तिथल्या मदतनिसाने माझा घोटा धरून पाय सरळ ओढून काढला होता. टाचेमागची कातडी सोलवटली होती आणि मनात भीती बसली होती. पाय आत जाईल की नाही ही चिंता लहान होती. तो बाहेर येईल की नाही, ही खरी होती.

आपण आधी तेल बाजूला ठेवायला लावलेत. तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते, शिवाय तेलकट हातातून दोरीची मूठ निसटते, हे आपण न रागावता समजावलेत. मग होडीतली पाण्याची बाटली काढून तिच्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकलेत, पाय आणि बूट नदीच्या पाण्याने भिजवून घ्यायला सांगितलेत आणि ते साबणाचे पाणी बुटाच्या आत, मुख्यतः टाचेच्या बाजूला, ओतलेत. मागचे रबर बाहेरच्या बाजूस दुमडून ठेवायचे, बोटे खाली वळवून पाऊल डावीउजवीकडे हलवत पुढच्या भागात पूर्ण सरकवायचे, आणि चवडा जागेवर बसल्यावरच टाच आत घालून दुमडलेले रबर उलटे वर घ्यायचे, हा क्रम आपण माझ्याकडून तीनदा करून घेतलात. रबराची पातळ कड नखांनी ओढू नये, जाड भाग दोन्ही बाजूंनी तळव्यात धरावा, ही गोष्ट मला तोपर्यंत कुणीच सांगितली नव्हती. शेवटी हात धुवायला लावलेत, कारण साबणाचा हात मुठीवर चालत नाही.

तरीही मी सर्वांत अधिक ऋणी आहे ती त्यानंतरच्या पाच मिनिटांसाठी. पाय ओढला की बूट अधिकच आवळतो असे मला वाटत असे, आणि आपण त्याचे कारण दाखवलेत: ओले रबर पायाला सगळीकडून चिकटलेले असते, टाच वर उचलली की तिच्याखाली पोकळी तयार होते, तिच्यात ना हवा शिरते ना पाणी, त्यामुळे बूट पायाला आत शोषून धरतो. तिथे जोर लावणे व्यर्थ असते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आपण माझी स्की आडवी धरलीत, टाचेमागचे रबर अंगठ्याने जरासे बाहेर दाबलेत, पाणी आत शिरल्याचा बारीक आवाज आला आणि टाच आपोआप सुटली. त्या आवाजाने माझी भीती जितकी गेली, तितकी कुणाच्या धीर देण्याने गेली नसती. आता मी पाण्यात लाइफ जॅकेटवर तरंगत असताना गुडघा छातीशी घेऊन हे एकटीने करते.

1922 साली राल्फ सॅम्युएल्सन अमेरिकेतल्या पेपिन तलावावर पहिल्यांदा स्कीवर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पायांना नुसते चामड्याचे पट्टे होते. आजचा बूट पूर्ण पाऊल पकडतो. त्यामुळे वळणावर स्की ताब्यात राहते, पण तो सोडवण्याची विद्याही शिकावी लागते. माझ्या मते ती दोरी हातात देण्याच्या आधी शिकवली पाहिजे. जोरात पडल्यावर टाच सुटलीच नाही, तर घोटा किंवा गुडघा पिरगळतो, आणि बूट सैल असेल तर स्की नको तेव्हा निघून जाते. साबण लावूनही बोटे दुमडत असतील तर तो बूट आपला नव्हे, असे आपण स्पष्ट म्हणालात. मी घरी जाऊन पाहिले, माझी बोटे दुमडतच होती. तो जोड मी परत केला आणि मागचा भाग पुढेमागे सरकवता येणारा घेतला.

नवा जोड दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते. शापोरेचे खारे पाणी आणि आपल्याकडचे ऊन, दोन्ही रबराला सोसत नाहीत, हेही आपलेच सांगणे.

पावसाळ्यात हा खेळ बंद राहील. दसऱ्यानंतर नदी निवळली की मी सकाळच्या भरतीला त्याच पायरीवर येईन. आपण भेटलात तर आपली ती बाटली, जी त्या दिवशी घाईत माझ्या पिशवीत राहिली, परत द्यायची आहे.

आपली ऋणी,
डिचोलीची एक शिकाऊ