हेडमधली इंजेक्टरची जागा

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला डिझेल इंजिनाच्या सिलिंडर हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) छेद नीट पाहिला. पोर्ट (हवेच्या आणि धुराच्या वाटा) छान वळलेत, व्हॉल्व्ह जागच्या जागी आहेत, पाण्याचं जॅकेटही बसवलंयस. इंधन फवारणारा इंजेक्टर मात्र उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून उभा आहे. चार व्हॉल्व्हच्या डिझेल हेडमध्ये क्रम उलटा धरायचा: आधी इंजेक्टरची सीट (तो टेकतो ती बैठक) आणि तिच्याभोवतीचं पाणी, मग व्हॉल्व्ह, मग पोर्ट. पोर्टची भिंत दोन मिमी सरकली तर हवेचा प्रवाह थोडा बदलतो. इंजेक्टरच्या बोअरलगतची, म्हणजे तो बसतो त्या भोकालगतची, भिंत दोन मिमी सरकली तर हेड तडकतं, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

उष्णतेपासून सुरुवात करू. तुझं हेड बिडाचं आहे, सिलिंडर १०५ मिमीचा, आणि दाबाचं शिखर १८० बार धरलंयस. फायर डेकवर, म्हणजे हेडच्या आगीकडच्या तळावर, दर चौरस मीटरला ६ लाख वॅट उष्णता येते असं हिशेबापुरतं धर. बिडाची उष्णतावाहकता साधारण ४८ (मीटरमागे दर अंशाला वॅट). म्हणजे डेकच्या दर मिलिमीटर जाडीमागे तापमानात साडेबारा अंशांचा फरक पडतो. १० मिमी डेक असेल तर आगीकडची बाजू पाण्याकडच्या बाजूपेक्षा १२५ अंशांनी गरम. हेच ॲल्युमिनियममध्ये, वाहकता १५० धरली, तर ४० अंश. पण ॲल्युमिनियम २०० अंशांच्या पुढे ताकद सोडू लागतं, तेव्हा तो फायदा फुकटचा नाही. काँपॅक्टेड ग्रॅफाइट बीड घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेव, ताकद वाढते पण वाहकता घटते, आणि हाच डेक आणखी तापतो.

तू इंजेक्टरच्या बोअरभोवती १४ मिमी धातू ठेवलायस, ‘मजबुतीसाठी’. त्या चार मिलिमीटरांनी पन्नास अंश वाढवले. दाबासाठी जाडी हवी असेल तर ती खालच्या डेकमध्ये नको. वर एक मधला डेक दे आणि जॅकेटचे दोन मजले कर. खालचा मजला कमी उंचीचा, म्हणजे तिथे पाणी वेगात राहील. दाबाचा भार बॉसमधून (इंजेक्टरभोवतीच्या धातूच्या नळकांड्यातून) आणि बरगड्यांमधून मधल्या डेकवर जाईल. खालच्या डेकचं काम उष्णता पाण्यात सोडण्याचं.

आता इंजेक्टर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट यांच्यामधली अरुंद पट्टी. तडा इथूनच निघतो, आणि त्याचं कारण नुसतं दाब नसतं. इंजिनावर भार आला की पट्टी फुगू पाहते, भोवतालचा थंड धातू तिला फुगू देत नाही, मग ती आतल्या आत दबून कायमची थोडी आखूड होते. इंजिन थंड झालं की आखूड झालेली पट्टी ताणली जाते. असं हजारो वेळा झालं की केसाएवढी चीर दिसते, सीटच्या कडेपासून नोझलच्या (इंजेक्टरच्या फवारणाऱ्या टोकाच्या) भोकाकडे. म्हणून तिथे धातू वाढवून तडा थांबत नाही. तापमानातला फरक कमी करावा लागतो. भोकाची आतली कड धारदार सोडू नकोस, छोटा चँफर (तिरका काप) दे. व्हॉल्व्ह सीट इन्सर्टचा (व्हॉल्व्ह टेकतो त्या वेगळ्या कड्याचा) खाचा तुझ्या चित्रात नोझलच्या भोकापासून जेमतेम ३ मिमीवर आलाय. इन्सर्ट दाबून बसवला की त्याचा ताणही त्याच पट्टीवर पडतो. व्हॉल्व्ह अर्धा मिमी लहान केलास तरी चालेल, ही पट्टी वाढव.

या पट्टीत पाणी नेण्यासाठी तू वाळूचा कोअर (ओतकामात पोकळी राखणारा गाभा) काढलायस तो ३ मिमी जाड आहे. कागदावर तो राहतो, फाउंड्रीत राहत नाही. एवढा पातळ कोअर ओतताना मोडतो किंवा वाळू धातूत भाजून चिकटते आणि मग ती कुठल्याही शॉट ब्लास्टिंगने निघत नाही. पाच मिमीच्या खाली कोअर न्यायचा विचार सोड. त्याऐवजी बाजूने ५ ते ६ मिमीचं भोक ड्रिल कर, बाहेरचं तोंड प्लगने बंद कर. मात्र भोक पाडलं म्हणजे पाणी वाहिलं असं नाही. भोकाच्या दोन टोकांमध्ये दाबाचा फरक हवा. तुझ्या कोअरची दोन्ही टोकं एकाच कप्प्यात उघडतात; तसंच ठेवलंस तर ते भोक नुसतं भरून राहील, आत पाणी उकळेल आणि वाफ अडकेल. एक टोक हेडखालच्या गॅस्केटच्या भोकातून येणाऱ्या ताज्या पाण्यावर ठेव, दुसरं इंजेक्टरच्या बॉसभोवती सोड. एक्झॉस्टच्या बाजूने पाणी आत घे, बॉसला वळसा घालून इनटेककडे जाऊ दे. कुठे किती पाणी जायचं ते गॅस्केटमधल्या भोकांच्या व्यासाने ठरव. कास्टिंग बदलण्यापेक्षा ते सोपं आणि स्वस्त.

धातूच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येऊन सुटत असतील तर चांगलंच, ते खूप उष्णता ओढतात. बुडबुडे सुटायचे थांबले आणि वाफेचा सलग पडदा झाला की धातूचं तापमान एकदम उसळतं. त्यामुळे पाण्याचा वेग आणि सिस्टिमचा दाब दोन्ही राखावे लागतात. आणि बॉसच्या वरच्या कोपऱ्यात हवा साठेल असा खिसा ठेवू नकोस. तुझ्या छेदात तो आहे. मधला डेक दिलास की तिथून वरच्या मजल्यात ४ मिमीचं एक वाट काढणारं भोक दे.

नोझलचं टोक. ते ज्वाळेकडून तापतं, आणि उष्णता सोडतं दोन वाटांनी: थोडी इंधनात, बाकी खांद्यावरच्या वॉशरमधून हेडच्या सीटमध्ये. म्हणजे तांब्याचा वॉशर फक्त गॅस अडवत नाही, उष्णतेचा पूलही तोच आहे. भोकांच्या नोझलला साधारण ३०० अंशांची मर्यादा धरतात. तिच्याआधीच भोकांच्या तोंडाशी इंधनाचा कोळसा धरायला लागतो आणि फवारा वाकडा होतो. उलट टोक फार थंड राहिलं तर इंधनातल्या गंधकाचं आम्ल टोकावर जमून ते खातं. सीट जितकी खाली, तितकं टोक थंड. पण सीटखालची भिंत तितकी पातळ. नोझल आणि भोक यांच्यातली फट प्रत्येक बाजूला दोन-तीन दशांश मिमीपेक्षा जास्त नको. मोठी फट म्हणजे न जळणाऱ्या हवेचा साठा, आणि नोझलच्या अंगापर्यंत गरम गॅस पोहोचायला रस्ता. फार लहान ठेवलीस तर कोळशाने इंजेक्टर असा धरला जातो की काढताना नोझल मागे आणि अंग हातात. पूर्ण भारावरून इंजिन एकदम बंद केलं की पाणी थांबतं आणि डेकची साठलेली उष्णता टोकात चढते, हे चाचणीच्या यादीत घाल.

इंजेक्टरभोवती तांब्याची स्लीव्ह (वेगळी बसवलेली नळी) की कास्टिंगमधलाच बॉस, हे तू विचारलंयस. स्लीव्हची भिंत दीड मिमीची, बाहेरून थेट पाणी, नोझल छान थंड राहते. किंमत सीलमध्ये मोजावी लागते. तांबं बिडापेक्षा दीडपट फुगतं. गरम असताना स्लीव्ह भोकात दबून चेपते, थंड झाली की सैल पडते. म्हणूनच स्लीव्हची गळती पुष्कळदा थंड इंजिनात दिसते आणि गरम झाल्यावर नाहीशी होते. लक्षणंही ओळखून ठेव: सकाळी सुरू करताना पांढरी वाफ, म्हणजे रात्रभर पाणी सिलिंडरमध्ये झिरपलं. भारावर पाण्याच्या टाकीत बुडबुडे, म्हणजे गॅस पाण्यात जातोय. इंधनाची गॅलरी हेडमध्येच असेल तर पाण्याला डिझेलचा वास. तुझ्या हेडला मी कास्टिंगमधला बॉस घेईन. पाण्याकडची भिंत ५ मिमी काढ आणि कोअर एक मिमी सरकला तरी ४ उरेल हे बघ.

इंजेक्टर दाबून धरणाऱ्या क्लॅम्पवर जरा रेंगाळतो, कारण हिशेब न करता काढलेला भाग तोच आहे. वॉशरचा बाहेरचा व्यास १५ मिमी, क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस मिमी. १८० बार म्हणजे चौरस मिमीला १८ न्यूटन. गॅस इंजेक्टरला सुमारे ३२०० न्यूटनने वर ढकलतो. तुझा बोल्ट एम ८, ८.८ ग्रेडचा, २५ न्यूटन-मीटर टॉर्कवर तो साधारण १७,००० न्यूटन धरतो. पण तू बोल्ट टेकूपासून १८ मिमीवर आणि इंजेक्टरपासून ३० मिमीवर ठेवलायस. इंजेक्टरच्या वाट्याला १७,००० चे ४८ पैकी १८ भाग, म्हणजे ६,४०० च्या आत. टॉर्कने कसलेल्या बोल्टचा ताण ३० टक्के इकडेतिकडे होतो; वाईटात वाईट ४,५००. त्यातून गॅसचे ३,२०० वजा. उरलं काय?

आणि वॉशरचंही बघ. आतलं भोक साडेसात मिमी धरलं तर दाबलं जाणारं क्षेत्र १३२ चौरस मिमी. ६,४०० न्यूटनला चौरस मिमीमागे ४८ न्यूटनचा ताण येतो. पूर्ण मऊ केलेलं तांबं ४० ते ७० च्या दरम्यान कुठेतरी दबायला लागतं. म्हणजे काही वॉशर दबतील, काही नुसते बसून राहतील. न दबलेल्या वॉशरखालून गॅस निसटतो, आधी फुसफुस आवाज, मग इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर, शेवटी सीटवर गॅसने कोरलेली नाळ. बोल्ट मध्यावर आण: ८,५०० न्यूटन, ताण ६४. बहुतेक वॉशर नीट दबतील. याहून फार पुढेही जायचं नाही. नोझलमधली सुई दोन ते चार मायक्रॉनच्या फटीत सरकते. जास्त आवळलं की अंग वाकतं आणि सुई अडकते.

क्लॅम्पचा टेकू आणि इंजेक्टरचा खांदा एका उंचीला हवेत. क्लॅम्प तिरका बसला तर इंजेक्टरला बाजूने रेटतो, वॉशर एका कडेला दबतो. बोल्टखाली गोलाकार वॉशर दे, क्लॅम्पच्या काट्याची टोकं किंचित गोलसर ठेव. सीट बोअरला काटकोनात, ०.०५ मिमीच्या आत, आणि तिच्यावरच्या मशीनिंगच्या खुणा गोल फिरणाऱ्या. आडवा एक ओरखडा म्हणजे गॅसला आयती वाट.

टोक डेकच्या खाली किती निघतं, त्याची साखळी मांड: सीटची खोली ±०.१, वॉशरची जाडी ±०.०५, खांद्यापासून टोकापर्यंत ±०.१. वाईटात ±०.२५. फवारा तेवढाच वर किंवा खाली सरकतो. कमी निघालं तर फवारा डेकला चाटतो, जास्त निघालं तर पिस्टनच्या वाटीत ठरलेल्या जागेखाली पडतो आणि टोकही जास्त तापतं. ड्रॉइंगवर वॉशरची जाडी ठळक लिही. दुरुस्तीत सर्रास घडणारी चूक अशी: जुना वॉशर काळ्या थरात भोकाच्या तळाशी चिकटून राहतो, त्यावर नवा बसतो, आणि टोक पूर्ण एका वॉशरएवढं वर जातं. धूर वाढतो, इंजेक्टर मात्र चाचणीत निर्दोष निघतो. सीट कटरने साफ केली की ती खोल जाते, त्यासाठी जाड वॉशरची एक पायरी आत्ताच ठरवून ठेव. वापरलेला वॉशर परत लावायचा नाही, हेही लिही.

इंधन बाजूच्या कनेक्टरमधून आत आणतेयस ते ठीक. पण कनेक्टर इंजेक्टरला आडवा ढकलतो. म्हणून आधी क्लॅम्प हलका लावून इंजेक्टर सीटवर बसू द्यायचा, मग कनेक्टर हलका, मग क्लॅम्प पूर्ण, शेवटी कनेक्टर पूर्ण. क्रम चुकला तर कनेक्टर टेकतो त्या शंकूवर इंधन गळतं. वरच्या रबरी ओ-रिंगसाठी बोअरच्या तोंडाला १५ ते २० अंशांचा उतार दे, नाहीतर बसवतानाच ती कापली जाईल.

पहिलं कास्टिंग आलं की मशीनिंगआधी एक बॉसमधून उभं कापून भिंती मोज. मशीनिंगनंतर गळती तपास, कारण आतली सच्छिद्रता कटरच उघडी करतो. इंजेक्टर क्लॅम्प केलेल्या स्थितीत जॅकेटमध्ये दाब दे, थंड आणि गरम दोन्हीवेळा. पट्टीत दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) एकाच रेषेत बसव, आगीच्या पृष्ठापासून २ आणि ६ मिमीवर. दोघांत ५० अंशांचा फरक आला तर मी वर धरलेले ६ लाख वॅट बरोबर ठरतील, आणि पृष्ठभागाचं तापमान २ मिमीच्या आकड्यात २५ मिळवून निघेल. फरक जास्त आला तर मला कळव, जाडी पुन्हा बघू.

सुधारलेल्या छेदात पाण्याच्या दिशेचे बाण काढ. इंजेक्टर उपटायचं अवजार कुठे अडकणार तेही दाखव. सध्या तिथे रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) आहे.

तुझा,
बाबा