कोल्हापूर–मिरज रेल्वे टेबलावर मांडूया

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्या अंकात शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. कोडिंग, रोबोटिक्स, अबॅकस, घोडेस्वारी. पोरांच्या हातात करवत, कानस, रंधा देणारं शिबिर मात्र एकही दिसत नाही. उद्यमनगरच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, गावात हे चमत्कारिक वाटतं. त्यावर एक सूचना आहे. ती कुठून आली ते आधी सांगतो, नाहीतर म्हातारपणी चळ लागला म्हणाल.

जानेवारीत मी आणि मंडळी अमेरिकेत लेकीकडे होतो. जावई एका सकाळी म्हणाले, “मामा, अंगात गरम कपडे घाला, तुम्हाला आवडेल असं काहीतरी दाखवतो.” मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट स्प्रिंगफील्ड म्हणून गाव आहे. तिथं सप्टेंबरात मोठी जत्रा भरते. त्याच मैदानावरच्या चार प्रचंड इमारतींत जानेवारीअखेरच्या शनिवार-रविवारी अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटी ही हौशी लोकांची संस्था छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन भरवते. दोन दिवसांत वीस हजारांच्या वर माणूस लोटतो. मिळालेल्या पैशातून जुनी इंजिनं, जुनी स्टेशनं जपणाऱ्यांना मदत दिली जाते.

मी आयुष्यभर पॅटर्नमेकर. फाउंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याला, लागणारे लाकडी पॅटर्न (नमुने) करायचे, त्यावरून वाळूत साचा, त्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. आम्हा लोकांची पट्टीच मुळात खोटी असते. बीड थंड होताना आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा. त्यामुळं मापाशी खेळणारी माणसं मला लगेच ओळखू येतात, आणि तिथं चारही इमारती अशा माणसांनी भरल्या होत्या. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाला ते एचओ म्हणतात, त्याच्या रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. एकशे साठाव्या भागाला एन, तिथं नऊ मिलिमीटर. एनमधला माणूस गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडाच मोठा, त्याच्याही डोक्यावर टोपी रंगवलेली.

विक्रीची टेबलं बरीच होती, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. महाग आहे सगळं. आवाजाची चिप बसवलेल्या इंजिनाला दोनशे डॉलरच्या पुढं मोजावे लागतात. आणि एवढा पैसा घालून आणलेला कोरा डबा ही मंडळी मुद्दाम मळवतात. खडूची पूड, पातळ केलेला तपकिरी रंग, कडांना गंज. आमच्या मंडळींना ते काही केल्या पटलं नाही. “नवी वस्तू आणायची नि गंज फासायचा, ही कसली श्रीमंती,” म्हणाल्या. मी मात्र एका मालडब्याच्या बिजागरीखालचा गंजाचा ओघळ किती तरी वेळ बघत उभा होतो. पाणी जिथून उतरेल नेमक्या तिथूनच तो काढला होता.

खरी गोष्ट निराळीच होती. मोठमोठे मांडलेले रेल्वेमार्ग कुणा एकाचे नव्हतेच. प्रत्येकानं घरी आपापलं टेबल केलेलं. कुणी दगडाची खाण केली, कुणी बर्फातलं स्टेशन, कुणी नदी. शनिवारी सकाळी गाडीच्या डिकीतून आणायचं, शेजारच्याच्या टेबलाला सी क्लॅम्पनं आवळायचं, मधे रुळाचा छोटा तुकडा टाकायचा, खालून वायर जोडायची की गाडी एकाच्या गावातून दुसऱ्याच्या गावात जाते. शेजारच्याचं नावही माहीत नसलं तरी चालतं, कारण सांध्याचा नियम सगळ्यांना एकच. एन मापात एनट्रॅक नावाचा असा नियम १९७४ पासून चालत आलाय. टेबल दोन फूट बाय चार फूट, जमिनीपासून उंची ४० इंच, पुढून तीन रेल्वेमार्ग, त्यांची नावं लाल, पिवळा, निळा. या हद्दीच्या आत बाकी तुमचं राज्य. हवं तर चंद्र मांडा.

एकानं एचओ मापात फाउंड्री केली होती. क्युपोलाच्या, म्हणजे बीड वितळवायच्या भट्टीच्या, तोंडाशी लाल दिवा लुकलुकत होता, अंगणात वाळूचा ढीग, पत्र्याला धुराची काजळी. मी चष्मा वर करून वाकून पाहिलं. नातवाला म्हटलं, “ह्यांना विचार, पॅटर्न शॉप कुठं आहे?” टेबलवाले गृहस्थ माझ्याच वयाचे, आयुष्यभर शाळेची बस चालवलेले. त्यांना प्रश्न कळेना. मग मी हातानं खुणा करत, नातू मधे बोलत, असं सांगितलं की पॅटर्न भट्टीपासून लांब ठेवतात, लाकूड आहे, आग लागली तर सगळी फाउंड्री बसली. आणि त्या शेडला उत्तरेकडून मोठ्या खिडक्या हव्यात, कारण आमचं काम उजेडाचं. गृहस्थांनी खिशातून पेन्सिल काढली, टेबलाच्या मागच्या फळीवरच सगळं लिहून घेतलं, खिडकीची उंची किती तेही विचारलं. मग हातातला कंट्रोलर नातवाला देऊन म्हणाले, आता गाडी तू चालव. नातवानं वळणावर वेग वाढवला, दोन डबे घसरले. गृहस्थांनी बोटानं उचलून परत रुळावर ठेवले आणि पुन्हा कंट्रोलर त्याच्याच हातात. आपल्याकडं प्रदर्शनात पहिली पाटी असते, “हात लावू नये.”

आता सूचना. मला महापालिकेकडून जागा नको, शासनाकडून निधी नको आणि संग्रहालय तर बिलकुल नको. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जरूर पाहावं, एका माणसाच्या ध्यासातून काय उभं राहतं ते कळेल. पण कोल्हापूरला एका माणसाची गोष्ट नकोय. इथं कौशल्य गल्लोगल्ली आहे आणि प्रत्येकजण आपल्या गाळ्यात एकटा आहे. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वदेशी कॅमेरा बनवला, ज्या गावात मंडळांची पोरं गणपतीला मोटर, गिअर, दोऱ्या जोडून हलते देखावे करतात, त्या गावाला वेगळं काय शिकवायचं? दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरालाही डोंगराचा उतार, पायवाट, तळं हे सगळं कळतं. फक्त त्याचा किल्ला शेजारच्या किल्ल्याला जोडता येत नाही.

म्हणून आपण कोल्हापूर–मिरज रेल्वे करावी, मीटरगेजच्या काळातली, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असायचं तेव्हाची. कोल्हापूर दरबारच्या पैशातून झालेला हा मार्ग १८९१ साली सुरू झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं लाइपझिगच्या जत्रेत चावीची रेल्वे मांडली होती, ठरलेल्या मापाचे रूळ आणि आठाच्या आकड्यासारखा मार्ग. जोडता येणारे, वाढवता येणारे रूळ लोकांना तेव्हापासून मिळू लागले. आपली रेल्वे आणि हा छंद तसे जोडीदारच म्हणायचे.

हिशोब केलाय. अंतर ४७ किलोमीटर धरलं तर एचओ मापात ५४० मीटर होतं. म्हणजे चार फुटांची चारशेच्या वर टेबलं, ते कुणाच्या बापाला झेपायचं नाही. तेव्हा निवडक जागा घ्याव्यात, मधलं रान गाळावं. कोल्हापूरचं यार्ड, त्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, चढवणारे हमाल. वळिवडे, तिथं दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिच्या बराकी. रुकडीचा पंचगंगेवरचा पूल. हातकणंगले, जयसिंगपूर, शेवटी मिरज जंक्शन. पुलावर वाद होणार हे आत्ताच सांगतो, कारण पाणी कुठपर्यंत दाखवायचं? एप्रिलमधलं की २०१९ सालचं, जेव्हा त्या पट्ट्यातली रेल्वेच बंद पडली होती? मधल्या प्रत्येक टेबलावर ऊस लागणार. तो खराट्याच्या हिरांचा करावा की तागाचा, हे हातकणंगल्याच्या शेतकऱ्यानं ठरवावं, आम्ही शहरवाल्यांनी नव्हे.

रुळाचं कोडंही सुटण्यासारखं आहे. मीटरगेजचा सत्त्याऐंशीवा भाग साडेअकरा मिलिमीटर येतो. स्वित्झर्लंडमध्ये मीटरगेजच्या डोंगरी गाड्या आहेत, त्यांच्या मॉडेलसाठी १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मी माफ करतो. इंजिन महाग आहे खरं, पण ते प्रत्येकानं घ्यायची गरज नाही. तीस टेबलांना मिळून दोन गाड्या पुरतात. बाकी लागतं ते प्लायवूड, फेविकॉल, वायर आणि हात. रुळाखालची खडी चिकटवायला पाणी घातलेला फेविकॉल आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे तो वर न साचता आत मुरतो. ही युक्ती त्याच बसवाल्या गृहस्थांची.

कळंब्याच्या आयटीआयमधली पोरं, तंत्रनिकेतनचे विद्यार्थी, उद्यमनगरातले फिटर आणि निवृत्त रेल्वेवाले असे तीसजण आले तरी पुष्कळ. नियम आधी ठरवावा, मग करवत लावावी. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. उद्घाटनाची तारीख आणि पाहुणा ठरतो, मग काम. शाहू जयंतीला २६ जूनला शाहू स्मारक भवनात मांडता आलं तर उत्तम, पण यंदाच झालं पाहिजे असा हट्ट नाही. सांधा बिनचूक जुळत नाही तोवर लोकांना दाखवू नये, एवढा हट्ट मात्र आहे.

मीटरगेजच्या काळातले रुकडी पुलाचे किंवा हातकणंगले स्टेशनचे फोटो कुणा वाचकाकडं असतील, तर त्याच्या प्रती आपल्या कार्यालयात स्वीकाराव्यात ही विनंती. पुलाच्या गाळ्यांची मापं मिळाली तर सोन्याहून पिवळं. टेबलाच्या टोकाच्या फळीचा मूळ पॅटर्न मी सागवानात करून ठेवतो, रुळांची भोकं आणि बोल्टाची भोकं पाडून. येईल त्यानं आपलं प्लायवूड आणावं, त्यावर आखून घ्यावं आणि पॅटर्न आहे तिथंच ठेवून जावं.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर