वज्रानंदाला आव्हान आलंय

प्रिय अव्या,

स. न. वि. वि. तब्येती सगळ्यांच्या ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काठावर, बाकी कोणाला काही नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण एवढं जाड पाकीट बघून तुला वाटेल कोणी गेलं की काय. अजून कोणी गेलेलं नाही. पण आपल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळातल्या तुझ्या मठाधिपतीला, वज्रानंदाला आव्हान आलंय.

हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार? हिला सांगितलं तर म्हणाली, "मग हरू दे की एकदा. किती वर्षं बसलाय तिथे!" नानूला फोन केला. तो आधी पोट धरून हसला आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाला, "अव्याला विचारलंस?" तर विचारतोय. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू हवापाण्यावर येतोस आणि मग "चल, मीटिंग आहे" म्हणतोस.

झालं असं की ताईची पोरगी अकरावीला पुण्यात आली, आमच्याकडेच राहते. आधी कम्प्युटरवर बाल्डर्स गेट 3 खेळायची, त्यात तिला मंक, म्हणजे नुसत्या हातांनी लढणारा मठवासी, आवडला. मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं आपलं निळं रजिस्टर तिच्या हाती लागलं. तुझं अक्षर कसंबसं लावत तिने ते अख्खं वाचून काढलं आणि म्हणाली, "मामा, हा मठ अजून आहे का?" मी म्हटलं, आहे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा मी, जिवंत आहे तोवर मठ कुठे जातो! झालं, तेव्हापासून दर रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर फासे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी. आणखी एक जण येतो, त्याच्याकडे नंतर येतो.

पोरींना 2014 च्या नियमांची सवय. त्यात मठ म्हणजे कॅरेक्टर कुठून आलं हे सांगायची एक ओळ. एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, भरले की लेव्हल मिळते, कोणाची परवानगी लागत नाही, लॉफुल, म्हणजे शिस्तीतलं, असण्याचीसुद्धा सक्ती नाही. मी 1978 च्या प्लेअर्स हँडबुकची आपली ती झेरॉक्स काढली, कडेला आमटीचा डाग असलेली, आणि मोठ्याने वाचली. सातव्या लेव्हलपर्यंत मोकळं रान. आठव्याला तिघेच: पांढरा, हिरवा, तांबडा. त्यांच्यापैकी एकाला गाठून हरवायचं, तेही हत्यार नाही, जादूची वस्तू नाही, नुसत्या हातांनी. त्याच्या वर प्रत्येक पायरीवर एकच माणूस. चार वारे, चार ऋतू आणि टोकाला सतराव्या लेव्हलचा ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स. आव्हान द्यायला टाळाटाळ केली तर एक्सपी कापले जाणार. हरेल तो एक पायरी खाली. एक मैत्रीण म्हणाली, "काका, हे तर कॅम्पस प्लेसमेंटपेक्षा वाईट आहे." त्यात मंक होणार तो माणूसच हवा, एल्फ-बिल्फ चालत नाहीत, आणि कमाई दान करून जेमतेम जगण्यापुरतं ठेवायचं, हे ऐकल्यावर दोघींनी आपापल्या जादूगारणी केल्या. भाची मात्र अडून बसली. तिची मंक केतकी. सुरुवातीला हिट पॉइंट, म्हणजे जीव, दोन चार-बाजूंच्या फाशांएवढा, चिलखत नाही, आणि चपळाई कितीही असली तरी आर्मर क्लासला, म्हणजे बचावाच्या आकड्याला, तिचा फायदा नाही. पहिल्याच गुहेत एका गॉब्लिनने लोळवलं. तरी पोरगी हटली नाही. हिरव्याला हरवलं, वाऱ्यांना हरवलं, हिवाळा एकदा हरली, एक पायरी खाली आली, पुन्हा एक्सपी जमवून परत गेली. आता वसंताची मास्टर आहे. आणि परवा एका ड्रॅगनच्या पायी सतराव्या लेव्हलचे एक्सपी भरले.

वर कोण बसलंय ते तुला सांगायला नको.

आकडे मी मांडून पाहिलेत. नियमाप्रमाणे आव्हान देणाऱ्याला नव्या लेव्हलची ताकद तात्पुरती मिळते, म्हणजे दोघांचा आर्मर क्लास उणे 3, फेरीला चार वार, वाराला 8 ते 32. आणि हिट पॉइंट? 18 फासे, तेही चार बाजूंचे. सरासरी 45. वज्रानंदाचे रजिस्टरात 38 आहेत, कारण फाशांच्या बाबतीत तुझ्या हाताला यश कधीच नव्हतं. दोन-तीन वार नीट बसले की खेळ खलास. त्यात वार हवा त्याहून पाचने जास्त बसला की समोरचा बधिर, आणि बधिर झाला की जागीच मरायची शक्यता वेगळी तपासायची. माझ्या हिशोबाने शेकडा 7. कमी वाटतात. रात्री अडीचला कमी वाटत नाहीत.

आता तू म्हणशील, डीएम तू आहेस, चालव की वज्रानंद. नाही चालवता येत मला. हिवाळ्याच्या मास्टरशी तू लढलास तेव्हा त्याच्यावर क्विव्हरिंग पामचा तळवा ठेवलास. नुसतं मनात आणलं असतंस तर तो मेला असता. तू मुदत सरेपर्यंत थांबलास, त्याला मरू दिलं नाहीस आणि त्याबद्दल त्याला एका शब्दाने बोलला नाहीस. मी तेव्हा म्हटलं, वा, काय हा मोठेपणा. तू म्हणालास, "मोठेपणा कसला, विसरलो होतो." आजतागायत मला माहीत नाही की तू खरंच विसरला होतास का. मग केतकीवर वज्रानंद तो तळवा ठेवील की नाही, हे मी कशावरून ठरवू? अलाइनमेंट, म्हणजे त्याच्या वृत्तीची नोंद, बघावी म्हटलं तर तिथे तू लॉफुल गुड खोडून लॉफुल न्यूट्रल लिहिलंयस, आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

पूर्वेच्या वाऱ्याच्या वेळी पडद्यामागे मी फासा फिरवला, असं तू अजूनही म्हणत असशील. नाही फिरवला. एकोणीसच पडला होता. नानूने पाहिलाय.

आणि ते वचन. तेच तर सगळं आहे. 2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि पक्याने हट्ट धरला की आता यानेच खेळायचं. तीत द्वंद्व गेलं होतं, लॉफुलची अट राहिली होती, आणि एक कलम होतं की मंकने एकदा दुसरा वर्ग धरला की पुन्हा मंकमध्ये लेव्हल वाढवता येत नाही. तू हॉस्टेलच्या मेसमध्ये ओरडला होतास, "गेलेल्याला दार लावतो तो कसला मठ!" वाढपी ताट हातात धरून बघत होता. आणि पक्याने मुद्दाम, तुला डिवचायला, आपला मंक शांभव मठातून बाहेर काढला, चोर केला, जाताना अंगठी उचलली. त्या रात्री वज्रानंदाने घातलेली शपथ तू लाल शाईने लिहिली आहेस: शांभव परत येईपर्यंत हे आसन मी सोडणार नाही आणि मठाचं दार लावणार नाही. त्यानंतर तुमचं ते खऱ्यातलं झालं. त्या पैशांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. दोघांचंही ऐकून झालंय.

तर दर रविवारी येणारा चौथा माणूस पक्या आहे. पत्र टाकू नकोस, पुढे वाच.

आता मेख बघ. मठाचा धर्म सांगतो की आव्हान आलं की लढायचं, आणि खरं लढायचं. शपथ सांगते की आसन सोडायचं नाही. वज्रानंद जिंकला तर दोन्ही राहतात, पण पोरगी उताणी पडते आणि नशीब फिरलं तर मरते. हरला तर शपथ मोडते. मुद्दाम हरला तर दोन्ही मोडतात. मी जेवताना सहज म्हटलं, म्हातारा बहुधा सोडून देईल. भाचीने ताटातून हात काढला. "तो मुद्दाम हरणार असेल तर मला नकोय ते आसन. मी वसंतातच बरी आहे." सोळा वर्षांची आहे रे ती. मला तिच्या वयात खोटा फासासुद्धा चालला असता. (पूर्वेच्या वाऱ्याचा नव्हे.)

मी म्हटलं, शिस्तीतला माणूस खोटं लढणार नाही. त्यावर पक्या हसला. म्हणाला, खेळातल्या ग्रेहॉक या जगातली स्कार्लेट ब्रदरहुड आठव. तिथेही वर मंकच, त्यांच्या हाताखाली मारेकरी आणि चोर, शिस्त आपल्या मठाहून कडक, आणि डोक्यात काय, तर आपला सुएल वंशच तेवढा श्रेष्ठ. नियमाला नुसता लॉफुल लागतो, गुड असो नाहीतर इव्हिल. मला राग आला, कारण तो बरोबर होता. तसा तो पूर्वीपासून बरोबर असायचा नेमका नको तेव्हा.

आणि मग निघताना चपला घालता घालता म्हणाला, "मंद्या, लढाईच्या आधी शांभव दारात येऊन उभा राहिला तर? शपथ तिथेच पुरी होते. मग म्हाताऱ्याला मोकळेपणी लढता येईल." अंगठी आहे म्हणाला त्याच्या शीटवर अजून. विकली नाही.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ते दार माझं नाही. तू म्हणालास तर शांभव येईल. नाही म्हणालास तर तो डोंगराखालीच राहील आणि वज्रानंद शपथेसकट लढेल. पक्याला तू काय म्हणालास हे मी सांगणारसुद्धा नाही, नुसतं पुढच्या रविवारी खेळात जे व्हायचं ते होईल. मात्र एक सांगतो, तो चपला घालायला फार वेळ लावत होता.

2003 चा कुंभ आठवतो? आम्हा सगळ्यांना ओढत नाशकाला नेलंस, मठासाठी अभ्यास म्हणून. महंत, कोठार, धुनी, सगळं तिथून उचललंस. स्नानाच्या मानावरून जुनी भांडणं, म्हणून शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात आणि वैष्णव रामकुंडावर, हे ऐकून तू खूश झाला होतास. एका साधूला तू विचारलंस की गादी कुस्ती मारून मिळाली तर? तो म्हणाला, "बेटा, पहले चाय पी." त्याचं उत्तर तेव्हा आपल्याला विनोदी वाटलं होतं. गेला आठवडाभर मी चहाच पितोय.

तुझ्या नव्या नोकरीचं नानूकडून कळलं, अभिनंदन. घर झालं का? मेलबर्नमध्ये भाडी भलतीच आहेत म्हणे. ओवीचे पुढचे दात पडलेत, फोटो पाठव. वहिनींचा कोर्स संपला असेल ना? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, मी जाऊन आलो, तुला फोन करायला सांगितलंय. काळजी नको.

तर मागणं असं. वज्रानंद तू चालवायचास. रविवारी सकाळी दहाला आम्ही बसतो, तुमच्याकडे दुपार असते, जेवण उरकून ये. पडदा काढून ठेवलाय, या लढाईत सगळे फासे उघड्यावर, पोरीची तशी अटच आहे. पक्या टेबलावर असू दे की त्या दिवशी त्याला सुट्टी देऊ, हे तेवढं शनिवारपर्यंत कळव. आणि लढायचंच नसेल, रजिस्टर बंदच करायचं असेल, तर तेही लिही. पण ते मग तू स्वतः भाचीला सांग, मी सांगणार नाही.

तुझा,
मंद्या

ता. क. चार बाजूंचे आठ फासे लागतील. तुझे ते हिरवे असतील तर धुळीतून काढ. ॲपवर टाकलेले चालणार नाहीत, पोरी ऐकत नाहीत.