बातमी उशिरा देते आहे

काळाचौकी, मुंबई
दि. ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बातमीच्या पहिल्याच वाक्यात यावी, असे आम्हांला वर्गात शिकवतात, म्हणून आधी तीच लिहिते. ३० जून रोजी मी बँकेची नोकरी सोडली आणि सध्या कालिन्याला विद्यापीठात पत्रकारितेच्या एम. ए.च्या पहिल्या वर्षात शिकते आहे. गेले तीन महिने "बँकेत काम वाढले आहे" असे जे मी फोनवर सांगत होते, ते खरे नव्हते.

हे फोनवरच सांगता आले असते, पण घराच्या मागच्या पडवीत उभे राहिल्याशिवाय तुम्हांला रेंज मिळत नाही, आणि बाबा, नावडती गोष्ट कानांवर आली की तुम्ही "हं" म्हणून फोन आईकडे देता. पत्र तसे हातात देऊन टाकता येत नाही. शिवाय मागच्या रविवारी बबनकाकांकडून मला कळले की तिठ्यावर बाबांना चक्कर आली होती आणि ही गोष्ट मला सांगायची नाही, असे तुम्ही त्यांना बजावले होते. दोन दिवस मला तुमचा फार राग आला. मग लक्षात आले की रागवायचा अधिकार मी जूनमध्येच गमावला आहे.

आता पैशांचे सांगते, कारण आईची झोप त्यानेच उडेल. कौलांच्या कामाचे कर्ज मी एप्रिलमध्येच फेडले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम आली, तिच्यातून दोन वर्षांची फी आणि खोलीचा खर्च बाजूला काढला आहे. तुमच्याकडे दर महिन्याच्या ५ तारखेला पैसे येतात, ते येत राहतील. आजही पाठवले आहेत. बँकेच्या गटविम्यात तुम्हां दोघांची नावे होती, तो विमा राजीनाम्याबरोबर संपला, म्हणून त्याआधीच तुमच्या नावाने वेगळी पॉलिसी घेतली. तिच्यात जुन्या आजारांसाठी काही काळ थांबावे लागते, तेवढ्यासाठी एक मुदतठेव आईच्या नावाने ठेवली आहे आणि ती मोडायला माझी परवानगी लागणार नाही. तात्यांच्या बाबतीत जे झाले, तसे काही होणार नाही. पत्रकारितेत सुरुवातीचा पगार बँकेतल्या पगाराच्या निम्माही नसेल, हे मला ठाऊक आहे आणि तो हिशेब मी एकदा नव्हे, वहीत चार वेळा मांडून पाहिला आहे.

जेवणाची काळजी करू नका. शेजारच्या वहिनी दुपारचा डबा देतात आणि पैसे घ्यायला नको म्हणतात, म्हणून मी त्यांच्या मुलाचा गणिताचा अभ्यास घेते. पाणी पूर्वीसारखेच पहाटे येते, पिंप मी भरून ठेवते, आणि आई, गोधडी अजून तुझीच वापरते. करी रोडहून कुर्ल्याला लोकलने आणि तिथून बसने जाते. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास माझ्या वयाला मिळत नाही, हे खिडकीवरच्या बाईंनी मोठ्या आवाजात सांगितले, तेव्हा रांगेतल्या मुली हसल्या आणि मीही हसले. वर्गात बहुतेक मुले माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान आहेत. पहिला आठवडाभर ती मला "मॅडम" म्हणत होती, आता "ताई" म्हणतात.

"बत्तिसाव्या वर्षी हे काय सुचले?" असे आई विचारील. सुचले ते आत्ता नव्हे. २६ जुलै २००५ च्या रात्री बाबा बसच्या ड्युटीवरून घरी आले नव्हते आणि कुर्ल्याजवळ बेस्टची एक गाडी प्रवाशांसकट बुडाली, असे चाळीत कोणीतरी येऊन सांगितले. आई, तू गॅस पेटवला नाहीस आणि उंबऱ्यावर बसून राहिलीस. मी बारा वर्षांची होते, तुझ्या पदराला धरून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेले, पण तिकिटांची पेटी आणि पैशांची बॅग कोरडी ठेवून चालत आले. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आता मला पाठ आहे. त्या रात्री मात्र बाबांची गाडी कुठे उभी आहे एवढेच कोणी सांगितले असते तरी पुरले असते. "तुला हे कोणी सांगितले?" हा प्रश्न त्या माणसाला अख्ख्या चाळीत कोणीही विचारला नाही. बँकेत नऊ वर्षे कर्जाचे अर्ज तपासताना हा प्रश्न मी रोज विचारत होते, पण तो विचारून मिळालेले उत्तर फाइलमध्ये बंद होत असे. मला ते उत्तर लोकांपर्यंत न्यायचे आहे. हे पुरेसे कारण आहे का, ते तुम्ही ठरवा. माझ्याजवळ याहून मोठे कारण नाही.

मागच्या महिन्यात आम्हांला आझाद मैदानावर पाठवले होते. अंगणवाडी सेविकांचे धरणे चालू होते. मी तासभर फिरले, सहा-सात जणींशी बोलले आणि "हजारो सेविका जमल्या" असे लिहून दिले. सरांनी "हजारो" या शब्दाभोवती लाल गोल काढून बाजूला एवढेच लिहिले, "कोणी मोजल्या?" बाबा, मला एकदम तुमचा वडाळा डेपो आठवला. तिकीटविक्रीच्या वेबिलाशी चार आणे जुळत नाहीत म्हणून तुम्ही सारी बॅग पुन्हा ओतून मोजायचा, शेवटची लोकल चुकायची आणि काळाचौकीपर्यंत पायी यायचा. त्या चार आण्यांवरून आई किती बोलायची! दुसऱ्या दिवशी मी परत मैदानावर गेले, एका कोपऱ्यापासून रांगा धरून मोजले, तर आकडा साडेचारशेच्या आसपास निघाला. पोलिसांनी चारशे सांगितले होते आणि संघटनेने दोन हजार. तिन्ही आकडे कोणाचे ते स्पष्ट करून लिहिले. त्या कॉपीवर लाल शाई नव्हती, म्हणून ती मी सोबत पाठवते आहे. आई, तू बाबांना वाचून दाखव, त्यांचा चष्मा अजून जुन्याच नंबरचा आहे.

बाबांच्या मनात येईल ते न लिहिता पुढे गेले, तर पुन्हा दडवल्यासारखे होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या अंगावर गाडी घातली गेली आणि ज्याच्याविषयी त्यांनी लिहिले होते, त्यालाच पोलिसांनी अटक केली. त्या दिवशी बाबा फोनवर म्हणाले होते, "लिहिणाऱ्याच्या घरच्यांचे काय?" हा प्रश्न मी विसरलेले नाही. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा संमत केला आहे, पण कायद्याने माणूस परत येत नाही, हे मला कळते. मी एवढेच सांगू शकते की माझा ओढा न्यायालयाच्या आणि महापालिकेच्या बातम्यांकडे आहे. सध्या आठवड्यातून एकदा किल्ला कोर्टात मागच्या बाकावर बसून कामकाज टिपून घेते; बहुतेक वेळा पुढची तारीख पडते आणि मी तीच लिहून आणते. रात्रीच्या कामाला एकटी जाणार नाही आणि कुठे जाते ते वहिनींना सांगूनच निघेन. धोका अजिबात नाही, असे मात्र लिहीत नाही.

आणि बाबा, 'दर्पण' आठ वर्षांत बंद पडले, हे तुम्ही मला टोचून सांगण्याआधी मीच सांगते. बाळशास्त्री जांभेकर आपल्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, तिथून मुंबईत येऊन त्यांनी १८३२ मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापणारे ते पत्र काढले आणि १८४० मध्ये ते थांबले. आपण पोंभुर्ल्याच्या फाट्यावरून कितीदा गेलो असू, पण एकदाही उतरलो नाही. दिवाळीला आले की मला तिथे न्या.

आता माझे ऐका. रक्तदाबाचे यंत्र कपाटात ठेवण्यासाठी घेतलेले नाही. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाआधी मोजून आकडे वहीत लिहायचे, तारखेसह. आई, सुके बांगडे आणि लोणचे बाबांच्या ताटात वाढायचे नाही, त्यांनी कितीही तोंड केले तरी. बाबा, कलमांवर चढायचे नाही, फवारणीला माणूस लावा, पैसे मी पाठवते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आणि पुन्हा चक्कर आली तर मला त्याच दिवशी कळवायचे: कोणाला, काय झाले, कुठे, केव्हा, कसे आणि का. आम्ही यांना सहा ककार म्हणतो. त्यांतला एक जरी गाळलात, तरी मी बबनकाकांना फोन करणार आहे.

तुम्हांला न विचारता हा निर्णय घेतला, याबद्दल तुम्ही रागावला असाल तर तसे स्पष्ट सांगा. विचारले असते तर आईच्या आवाजावरूनच मी माघार घेतली असती, म्हणून विचारले नाही. तुमच्यावर विश्वास नव्हता असे कृपा करून मानू नका. लहानपणी ताप आला की मी तो तुमच्यापासून लपवायचे, म्हणजे शाळा बुडू नये. आणि आई, तू हात न लावताच ओळखायचीस. तीन महिने तू फोनवर एकदाही "बँकेत सगळे बरे ना?" असे विचारले नाहीस, याचा अर्थ मला आत्ता लिहिता लिहिता कळतो आहे.

दिवाळीला तुतारी एक्स्प्रेसचे तिकीट काढले आहे. शनिवारी, १८ तारखेला सकाळी घरी पोहोचेन. स्टेशनवर घ्यायला यायचे नाही.

तुमची,
बाय

ता. क. वहीतले आकडे मी आल्याबरोबर पाहणार आहे. ते एकाच दिवशी, एकाच पेनाने बसून लिहिलेले असतील तर मला लगेच कळेल.